पेपरबाईचा हात

कारखाना पुठ्ठ्याच्या खोक्यांचा. बुटांची खोकी, औषधांची खोकी, घड्याळांसाठी आतून मखमल लावलेली चिमुकली खोकी, सगळं तिथं हातानं बनायचं. पुठ्ठा कापायचं यंत्र खाली तळमजल्यावर. वरच्या हॉलमध्ये नुसतं हातकाम: दुमडायचं, खळ लावायची, लाकडी पट्टीनं कड दाबायची आणि बाजूला ठेवायचं. अडतीस माणसं, आणि आवाज म्हणाल तर पुठ्ठ्याच्या करकरीचा तेवढा. हात गुंतलेले आणि कान मोकळे. मोकळे कान फार वाईट. माणसं एकमेकांच्या घरातली भांडणं हॉलमध्ये आणून वाळत घालतात. म्हणून फार पूर्वी कामगारांनीच ठरवलं, की आपल्या खिशातून वर्गणी काढून एक माणूस ठेवू, तो आपल्याला रोज दोन तास पेपर वाचून दाखवील. मालकानं आधी कपाळाला आठ्या घातल्या. पण ऐकताना माणसं गप्प बसतात आणि हात जास्त चालतात हे ध्यानात आल्यावर त्यानंच एक उंच स्टूल वर पाठवून दिलं.

त्या स्टुलावर पेपरबाई सव्वीस वर्षं बसत होती. तिचं खरं नाव हजेरीच्या वहीत होतं आणि ते बिचारं तिथंच राहिलं. ती मुळात आली होती खळ लावायला. पण खळ तिला मानवली नाही. पंधरा दिवसांत बोटं अशी सुजली आणि फुटली की पाण्याचा पेला धरवेना. आता घरी बसायचं एवढंच उरलं होतं. त्याच सुमाराला आधीच्या वाचणाऱ्या म्हाताऱ्याला ओळी दोन-दोन दिसायला लागल्या. मुकादमानं विचारलं, "कुणाला वाचता येतं?" सात-आठ हात वर झाले. "घसा न बसता दोन तास?" एकच हात उरला, सुजलेला. अशी ती स्टुलावर चढली.

आणि काय वाचायची. अंगानं काटकुळी, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, पण आवाज असा भरीव की पुरात वाहून गेलेल्या पुलाची बातमी वाचली की माणसं पाय वर घ्यायची. हॉलचा तिला एकच नियम होता: जे छापलंय ते वाचायचं, आपलं तिखटमीठ घालायचं नाही. तो नियम तिनं जिवापाड पाळला. कुणी विचारलं, "बाई, तुम्हाला काय वाटतं हो?" की ती म्हणायची, "मला वाटायचे पैसे मिळत नाहीत, वाचायचे मिळतात."

हॉलमध्ये दोन लांब टेबलं. एक खिडकीखाली, एक भिंतीलगत. आता टेबल म्हणजे टेबल, लाकडाचं, चार पायांचं, त्याला कसला आलाय पक्ष? पण होता. खिडकीच्या टेबलावर कामगार-कामगार करणारा पेपर चालायचा आणि भिंतीच्या टेबलावर आधी-आपली-माणसं म्हणणारा. सोम-बुध-शुक्र खिडकीवाल्यांचा पेपर, मंगळ-गुरू-शनी भिंतवाल्यांचा. नवीन माणूस आला की जिथं जागा रिकामी तिथं त्याला बसवायचे, आणि वर्षभरात तो शेजाऱ्यासारखा बोलायला लागायचा. एक टकलू म्हणून होता, खिडकीचा कट्टर माणूस. त्याला वाऱ्यानं सर्दी व्हायची म्हणून मुकादमानं त्याला भिंतीकडे हलवलं. पुढच्या निवडणुकीपर्यंत तो भिंतवाल्यांचा पुढारी. त्याला विचारा, तो छाती ठोकून सांगेल की मी पूर्ण विचार करून मत बदललं. सर्दीचं नावही काढणार नाही.

पेपरबाईच्या घरात तर ही दोन्ही टेबलं एकत्र जेवायची. तिचा नवरा खिडकीचा आणि नणंद भिंतीची. सख्खी भावंडं. आईबाप लवकर गेले तेव्हा नणंद बारा वर्षांची होती. तिनं शाळेचं तोंड पाहिलं नाही, थेट कारखान्यात आली, भिंतीशी जागा होती तिथं बसली आणि धाकट्या भावाला शिकवलं. तो सोळाव्या वर्षी आला, त्याला खिडकीशी जागा मिळाली. झालं. त्यानंतर तीस वर्षं जेवताना वाद. तो म्हणायचा, जगातला कामगार एक. ती म्हणायची, "जगाचं मला सांगू नकोस. तुझ्या ताटात वाढायला मी माझं ताट रिकामं ठेवलं, तेव्हा जग कुठं होतं?" यावर तो आवाज चढवायचा. पेपरबाई मध्ये. ती नवऱ्याला म्हणायची, "तुमच्या पेपराचा चूल पेटवायला मात्र छान उपयोग होतो." तो चिडायचा आणि हसायचाही. आठ वर्षांपूर्वी तो गेला. तेव्हापासून त्या दोन खोल्यांत दोघीच राहायच्या, पेपरबाई आणि वन्सं. ती नणंदेला वन्सं म्हणायची, म्हणून सारा हॉलच त्यांना वन्सं म्हणायचा, टकलूसुद्धा.

वन्सं म्हणजे हॉलमधला सगळ्यात चपळ हात. वाचता एक अक्षर येत नव्हतं, पण आपल्या पेपरातलं सगळं मुखपाठ. बोलायला लागल्या की तोंडाचा पट्टा सुटायचा. पेपरबाईला त्यांनीच वर्षभर सांभाळलं होतं, नवरा गेल्यावर. सकाळी उठवायच्या, समोर चहा ठेवायच्या, ती प्यायली की नाही हे पाहिल्याशिवाय हलायच्या नाहीत. माया अशी दाखवायच्या की तो राग वाटावा.

असं सगळं सुरळीत चाललं होतं आणि पुलापलीकडचा खोक्यांचा कारखाना बंद पडला.

त्याच्या मालकानं इमारत विकली आणि अकरा बायका रस्त्यावर आल्या. नदीपलीकडच्या, बोलण्याची ढब वेगळी, हेल काढून बोलायच्या. त्यांनी इकडे विचारलं, आम्हाला घ्याल का? इकडचा मालक म्हणाला, मला काय, काम आहे तेवढंच आहे, तुम्ही अडतीस जणांनी करा नाहीतर एकोणपन्नास जणांनी. वरच्या हॉलचा जुना करारच होता की टेबलावर नवी माणसं घ्यायची तर हॉलनं बहुमतानं ठरवायचं. घेतलं तर प्रत्येकाचा सहा दिवसांचा आठवडा पाच दिवसांचा होणार होता. म्हणजे एका दिवसाची मजुरी गेली, थट्टा नव्हे ती.

खिडकीवाले म्हणाले, कामगार तो कामगार, घ्या. भिंतवाले म्हणाले, आधी आपली माणसं. वन्संनी तर एका वाक्यात निकाल लावला: "घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं." शनिवारी काम सुटल्यावर मुकादमानं हात वर करायला सांगितले. घ्या म्हणणारे एकोणीस. नको म्हणणारे एकोणीस. मुकादमानं दुसऱ्यांदा मोजले. एकोणीस, एकोणीस. तिसऱ्यांदा मोजता मोजता त्याची नजर वर गेली, स्टुलाकडे.

"बाई, तुमचं नाव वहीत आहे."

पेपरबाई पेपराची घडी घालत होती. तिची घडी वाकडी झाली. "माझं? मी तर नुसती वाचते."

"वहीत नाव आहे म्हणजे हात आहे," मुकादम म्हणाला. "बोला."

अडतीस माणसं तिच्याकडे पाहत होती. सव्वीस वर्षं ती त्यांच्यापुढे रोज दोन तास बोलत होती, पण स्वतःचं एक वाक्य बोलायची वेळ आली तेव्हा ते कुठंच छापलेलं नव्हतं. ती म्हणाली, "मला बुधवारपर्यंत वेळ द्या." आणि खाली उतरताना पडता पडता राहिली.

घरी जाताना वन्सं एवढंच म्हणाल्या, "घरातल्या माणसाला मला जास्त सांगायची वेळ येऊ नये." याचा अर्थ पेपरबाईला नीट कळला. विरुद्ध हात वर केला तर या बाईला तो आपल्या घरानं पाठ फिरवल्यासारखा लागेल. आणि वन्संवाचून तिला या जगात होतं कोण?

रविवारी ती खिडकीशी चहा घेऊन बसली आणि ठरवलं, आज आपल्याला काय वाटतं ते शोधून काढायचं. वाटलं तेवढं सोपं नव्हतं. पहिला विचार आला, वरचे काय म्हणतात ते बघावं, आपण कशाला मध्ये पडा. तिनं त्या विचाराला निरखून पाहिलं तर तो वडिलांच्या आवाजात बोलत होता. वडील कचेरीच्या दारावर शिपाई, जन्मभर दार उघडत आणि मान खाली घालत गेले. तो विचार तिनं बाजूला ठेवला. दुसरा आला, अन्याय बघून गप्प बसणारा अन्याय करणाऱ्याइतकाच दोषी. हा तर नवऱ्याचा, शब्द न् शब्द, टेबलावर बोट आपटण्यासकट. तिसरा आला, दिवा आधी आपल्या घरात लावावा. वन्सं. चौथा जरा वजनदार वाटला, म्हणून तिला आशा वाटली, पण तो गेल्या गुरुवारच्या अग्रलेखाच्या तिसऱ्या परिच्छेदातला निघाला. चहा पार गार झाला. सगळं डोकं उलटंपालटं केलं, पण तिचं स्वतःचं म्हणावं असं त्यात काही सापडेना. जन्मभर दुसऱ्यांचं सामान ठेवून घेतलेल्या खोलीसारखं ते डोकं, आणि भाडेकरू म्हणून ती एकटीच परकी. तिला फार लाज वाटली.

संध्याकाळी ती वन्संना म्हणाली, "मला खरंच कळत नाही हो. मी कुणाच्याच बाजूची नाही. कधी नव्हतेच."

वन्सं मोजा रफू करत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तू? तुझी बाजू मला सव्वीस वर्षं माहीत आहे. सगळ्या हॉलला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"सोमवारी तू माझ्या भावासारखी वाचतेस. तो हयात असताना त्याला घरात टोचून बोलायचीस, पण त्याचा पेपर हातात आला की तुझा आवाज कसा वर चढायचा. अजून चढतो. आणि मंगळवारी? मंगळवारी तू आमचा पेपर कपडे धुवायला टाकल्यासारखा वाचतेस. अर्धी वाक्यं खातेस. बारा वाजायचे तिथं पावणेबाराला घडी घालून मोकळी. आम्ही काय बहिरे आहोत?"

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

वन्संनी सुई मोज्यात खुपसली. "मला पेपर ऐकायचा होता. वाचता येत असतं तर कशाला ऐकला असता तुझ्याकडून?"

पेपरबाईला ते मर्मी लागलं. नियमाचा केवढा अभिमान होता तिला. एक शब्द कधी वरचा घातला नव्हता, आणि तिखटमीठ सगळं आवाजातून जात होतं. ज्या नवऱ्याला ती रोज खोडून काढायची त्याचाच विचार तिच्या घशात घर करून बसला होता, आणि तिला पत्ता नाही. तिला नवऱ्याची आठवण येऊन रडू आलं आणि त्याचा रागही आला. मेलेलं माणूस, आणि अजून आपलं घोडं दामटतंय.

मंगळवारी तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे लक्ष ठेवून भिंतवाल्यांचा पेपर वाचला. शेवटची ओळ संपली तेव्हा वाजले होते अकरा चाळीस. वन्सं खळ ढवळत होत्या. त्यांनी घड्याळाकडे पाहिलंसुद्धा नाही. पेपरबाईला स्टुलावरून उतरून कुठंतरी तोंड लपवावंसं वाटलं.

वाचन झालं की तिला दिवसभर काही काम नसे. त्या दिवशी तिचे पाय घराकडे वळले नाहीत, पुलाकडे वळले. बंद कारखान्याच्या फाटकाला साखळी होती, आणि फाटकापुढच्या पायऱ्यांवर त्या अकरा बायका बसल्या होत्या. तिला वाटलं, कसली तरी मागणी करायला बसल्या असतील. तसं काही नव्हतं. एकीनं सांगितलं, सकाळी घरात बसवत नाही, पाय आपोआप इकडे येतात, मग भोंग्याच्या वेळेपर्यंत बसतो.

पेपरबाईनं आपण कोण ते सांगितलं. त्यांतली सगळ्यात म्हातारी बाई एकदम सावरून बसली. "म्हणजे तुमच्या हॉलात पेपर वाचून दाखवतात म्हणे, त्या तुम्ही? आम्हाला वाटायचं, थापा मारतात लोक." मग जरा थांबून, संकोचून, तिच्या त्या हेल काढलेल्या बोलीत म्हणाली, "थोडं वाचता का? काहीही चालेल."

आली का पंचाईत. पिशवीत पेपर होता तो मंगळवारचा, भिंतवाल्यांचा. पहिल्याच पानावर 'पुलापलीकडचं ओझं' म्हणून मथळा, आणि ते ओझं समोर पायऱ्यांवर बसून कान टवकारून वाट पाहतंय. पेपरबाईनं घाईघाईनं पानं उलटली आणि शेवटच्या पानावरच्या जाहिराती वाचायला घेतल्या. हरवलेला पोपट, बोलतो, शिव्याही देतो, आणून देणाऱ्यास बक्षीस. वापरलेली शिलाई मशीन विकणे आहे. वाद्य शिकवायला शिक्षिका हवी, स्वभावाने शांत. त्या बायका असं ऐकत होत्या की जणू राजाराणीची गोष्ट चाललीय. पोपटाच्या शिव्यांना हसून हसून बेजार झाल्या.

वाचता वाचता पेपरबाईची नजर खाली गेली. बायकांची बोटं हलत होती. बावीस हात मांडीवर, आणि त्यात पुठ्ठा नाही, खळ नाही, काही नाही. कान ऐकायला लागले तशी बोटं आपोआप दुमडायला लागली होती: एक घडी, दुसरी घडी, अंगठ्यानं कड दाबायची, बाजूला ठेवायचं. हवेची खोकी. म्हातारीचा कोपरा मात्र वेगळा. इकडे कोपरा बाहेर घेतात, ती आत घेत होती. पेपरबाई वाचत राहिली, पण जाहिरातीतली शिलाई मशीन तिनं दोनदा विकली. तिला स्वतःची सुजलेली बोटं आठवली, आणि घरी बसावं लागणार म्हणून रात्रभर लागलेली हुरहुर. ती आज पुन्हा लागली. आणि ही हुरहुर वडिलांची नव्हती, नवऱ्याची नव्हती आणि कुठल्या अग्रलेखातलीही नव्हती.

बुधवारी जेवणाच्या सुट्टीत सगळे जमले. खिडकीवाले आधीच हसत होते, मत खिशात असल्यासारखे. पेपरबाई स्टुलावर चढली नाही, दोन टेबलांच्या मधे उभी राहिली.

"आधी भिंतीच्या टेबलाला सांगायचंय," ती म्हणाली. "तुमचा पेपर मी इतकी वर्षं नीट वाचला नाही. मला वाटत होतं मी सरळ वाचते, पण नाही. तुमच्या वर्गणीतून पैसे घेतले आणि तुम्हाला अर्धंमुर्धं दिलं. चूक झाली. यापुढे असं होणार नाही."

खिडकीवाल्यांची तोंडं उतरली. टकलू पुढं सरसावला, "म्हणजे तुमचा हात आमच्या—"

"नाही," पेपरबाई म्हणाली. "ते वेगळं आणि हे वेगळं. मी काल त्या बायकांना पाहून आले. मला दुसरं कारण देता येत नाही. असतं तर तुम्हाला छान वाचून दाखवलं असतं." आणि तिनं हात वर केला.

वीस आणि एकोणीस.

तिनं वन्संकडे पाहिलं. वन्सं डबा बंद करत होत्या. झाकण बसत असूनही त्या ते पुन्हा पुन्हा दाबत होत्या.

मग घरात अबोला सुरू झाला. साधासुधा नव्हे. वन्सं बोलायच्या, पण भिंतीशी. "दिवा कुणी मालवला तर बरं होईल." "पाणी संपलंय, ज्याला दिसत असेल त्याला दिसेल." चहा मात्र समोर यायचा, कप टेबलावर जरा जोरात आपटून. पेपरबाई दोनदा बोलायला गेली, पण पालथ्या घड्यावर पाणी. रात्री अंथरुणावर पडल्यावर तिला वाटायचं, अकरा जणींना जागा मिळवून दिली आणि आपली एक होती ती घालवून बसले. हात वर केल्याचा पस्तावा झाला नाही तिला, खोटं कशाला सांगू. पण एकटं वाटायचं, फार वाटायचं.

सोमवारी अकरा बायका आल्या. मुकादमानं दाटीवाटी करून सहा जणींना खिडकीशी बसवलं, पाच जणींना भिंतीशी. म्हातारी आली ती नेमकी वन्संच्या शेजारी. वन्संनी तिच्याकडे न पाहता आपलं खळीचं भांडं चार बोटं सरकवलं, जागा व्हावी म्हणून नाही, सांडू नये म्हणून, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं. दुपारपर्यंत म्हातारीनं केलेल्या सगळ्या खोक्यांचे कोपरे आत गेले होते आणि एकाचंही झाकण बसेना. चाळीस वर्षांची सवय. जित्याची खोड ती. म्हातारी रडकुंडीला आली. वन्संनी ती खोकी आपल्याकडे ओढली आणि एकेक उलगडून पुन्हा दुमडली, तोंडानं पुटपुटत, "काम खराब झालेलं मला बघवत नाही, बाकी काही नाही."

गुरुवार उजाडला. भिंतवाल्यांच्या पेपराचा दिवस. पेपरबाईनं चालता चालता पहिलं पान पाहिलं आणि रस्त्यात थबकली. त्यांच्याच हॉलबद्दल अग्रलेख होता. 'काही हळव्या बायकांनी आपल्याच माणसांच्या तोंडचा घास काढून परक्यांच्या ताटात वाढला' अशी सुरुवात, आणि पुढं त्या परक्यांबद्दल चांगलं अर्धं पान. इकडे आड, तिकडे विहीर. वाचला तर त्या अकरा जणींनी मान वर कशी करायची? आणि गिळला किंवा पुन्हा मुळमुळीत वाचला तर भिंतीच्या टेबलाला दिलेला शब्द कुठं राहिला? वन्संना काय तोंड दाखवायचं?

स्टुलावर चढेपर्यंत तिनं ठरवलं होतं. शब्द दिलाय, वाचायचं. सगळं वाचायचं, आणि नवऱ्याचा पेपर वाचते तसं जीव ओतून वाचायचं. समोर म्हातारी हात थांबवून तिच्याकडे पाहत होती. चारच दिवस झाले होते तिला ऐकायला लागून. वाचन सुरू व्हायची वेळ झाली की तिचा चेहरा फुलायचा. पेपरबाईनं चष्मा सारखा केला आणि मथळा वाचला. पहिलं वाक्य वाचलं, खणखणीत, एकही शब्द न खाता. हॉलमधली पुठ्ठ्याची करकर थांबली. म्हातारीचा चेहरा हळूहळू मिटत चालला. पेपरबाईनं दुसऱ्या वाक्याला श्वास घेतला.

टेबलावर लाकडी पट्टी आपटल्याचा आवाज झाला.

"थांब," वन्सं म्हणाल्या. "पान उलट. खेळाचं वाच."

भिंतीच्या टेबलावर आजवर खेळाचं पान कुणी मागितलं नव्हतं. टकलू म्हणाला, "वन्सं, आज आपल्या पेपराचा दिवस आहे."

"आहेच. पेपर आपला आहे म्हणूनच मी सांगतेय," वन्संनी त्याला गप्प केलं. "त्यांचा असता तर एक अक्षर सोडू दिलं नसतं." आणि त्यांनी पुढचा पुठ्ठा ओढला.

पेपरबाईनं त्या दिवशी बारा वाजेपर्यंत खेळ वाचला. कोण कुणाशी खेळलं हे हॉलमध्ये कुणालाच कळलं नाही, तिलाही नाही.

संध्याकाळी घरी आल्यावर वन्संनी चहा केला, दोन कप टेबलावर ठेवले, आपटले नाहीत. खुर्ची ओढून समोर बसल्या. आठ दिवसांत पहिल्यांदा त्यांनी भिंतीशी न बोलता तिच्याशी बोलायला तोंड उघडलं.

"वहिनी, तो पेपर आणलायस ना? वाच."

"कुठलं, वन्सं?"

"सकाळी अडवलं ते. सगळं वाच. आणि नीट वाच, शब्द खाऊ नकोस."

पेपरबाईनं वाचलं. हळव्या बायका वाचलं, तोंडचा घास वाचलं, परकी माणसं आणि बुडणारी घरं वाचलं. स्वतःच्याच विरुद्ध इतकं जीव तोडून वाचलं की मध्येच तिला वाटलं, या माणसाचं काही अगदीच चूक नाही. वन्सं डोळे मिटून ऐकत होत्या. ताट रिकामं ठेवल्याबद्दलचं एक वाक्य आलं तिथं त्यांनी डोळे उघडले. ते वाक्य पेपरबाईनं आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या बाजूनं वाचलं. शेवटची ओळ संपवून तिनं पेपर खाली ठेवला.

"बरोबर लिहिलंय त्यानं," वन्सं म्हणाल्या. "शब्द न् शब्द माझ्या मनातला. माझं मत तसूभर बदललेलं नाही, सांगून ठेवते."

"बरं, वन्सं."

वन्संनी गार झालेला चहा एका घोटात संपवला आणि कप उचलून मोरीकडे निघाल्या. दारात थांबल्या.

"उद्या मला अर्धा तास आधी उठव. त्या म्हातारीला आपला कोपरा अजून येत नाही, आणि सगळ्यांच्या देखत शिकवलं की ती लाजते."